सुपाचा वारा

खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती आणि बैल बिथरले. "पोट्टीले उचला बे!" म्हणून इंद्रभान बैलांमागून ओरडला, आम्ही शेजारी ओरडलो. पण त्याची अडीच वर्षांची अन्नपूर्णा पाठमोरी बसून कणसातले दाणे टिपत राहिली. शेवटी तिच्या आईनं, आशाबाईनं, उडी घातली आणि लेकीला खुरांखालून ओढलं.

पोरीला छातीशी धरूनच ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, आता तरी माना. इले आयकू येत नाही. खामगावच्या डाक्तरले दाखवू द्या."

"जिभेले हाड हाये का तुया?" गोजरबाई ज्वारी पाखडता पाखडता कडाडली. "जन्मली तवा म्याच सूप वाजवलं. चांगली दचकली व्हती! बोलन उशिरानं. इचा बाप काय लवकर बोलला व्हता?"

आमच्याकडे रीतच तशी. पोरगा झाला की काशाची थाळी अशी बडवायची की सारं गाव उठलं पाहिजे. पोरगी झाली की नुसतं सूप थोपटायचं, तेही शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेतानं. जळो ती रीत! बाळ दचकलं की कान चांगले, झाली परीक्षा.

"हातच्या कांकणाले आरसा कायले?" म्हणत म्हातारी उठली, नातीच्या पाठीमागे गेली आणि सुपावर थाप मारली. पोरगी चटकन वळून हसली.

"पाह्यलं?" गोजरबाईनं साऱ्या खळ्याकडे बघितलं. आम्हीही माना डोलावल्या. त्या बाईपुढे बोलणार कोण!

आशाबाईचं लक्ष मात्र पोरीच्या मानेवरच्या केसांकडे होतं. थाप पडताच ते उडाले होते. तिनं सूप हिसकून घेतलं, वारा पोरीकडे जाणार नाही असं वळवून धरलं आणि वाजवलं. पोरगी ढिम्म. मग तिनं न्याहारीची थाळी उचलली आणि विळ्याच्या मुठीनं पोरीच्या मागे बडवली. चिमण्या उडाल्या, बैलांनी कान टवकारले. अन्नपूर्णा दाणे खात होती.

"बडवा ना आत्याबाई, तुमीच बडवा!" आशाबाई रडत थाळी सासूपुढे धरून उभी राहिली.

गोजरबाईनं बडवली. थाळीला पोचा पडला तरी थांबेना, तेव्हा इंद्रभाननं तिचा हात धरला.

खामगावचा डॉक्टर भला माणूस. कान तपासून म्हणाला, "जन्मापासूनच ऐकू येत नसावं, बाई. ऐकलं तर मूल बोलतं. लहानपणीच कळलं असतं तर तेव्हापासून शिकवता आलं असतं. आता रोज उजेडात समोर बसवून बोला, तिला ओठ दिसू द्या. जरा मोठी झाली की नागपूरला अशा मुलांची शाळा आहे, तिथं न्या."

"जन्मली तवा थाळी वाजवली असती तं कळलं असतं का, साहेब?" आशाबाईनं विचारलं.

उत्तर ऐकायला गोजरबाई थांबली नाही. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

तेव्हापासून म्हातारीनं नाद घेतला. सकाळी अंगणात उन्हात बसायचं, नातीची हनुवटी धरायची आणि, "माय म्हण वं. मा-य." पोरगी हुबेहूब ओठ हलवायची. आवाज काही निघायचा नाही. बघणाऱ्याचा जीव तुटायचा, पण म्हातारी उठायची नाही.

पुढच्या मळणीला आशाबाई पुन्हा बाळंत झाली. मंजुळाबाई सुईण तोंड पाडून दाराशी आली. "पोट्टीच हाये, गोजरबाई," म्हणत तिनं सुपाला हात घातला.

"ठेव थे खाली!" गोजरबाईनं सूप ओढून अंगणात भिरकावलं. पोचा पडलेली ती थाळी घेऊन ती आत गेली, बाजेआड उभी राहिली आणि खणखण बडवू लागली.

आळी धावली. "पोट्टा झाला वाट्टे!" म्हणत बाया दारात जमल्या. आत बाळानं टाहो फोडला. थाळी थांबली की ते थांबे, वाजली की पुन्हा किंचाळे. गोजरबाई तिथंच बाजेशी बसली आणि ढसाढसा रडू लागली.

"रडू नको वं, पुढच्या खेपेले होईन पोट्टा," कोणीतरी समजूत घातली.

"अवं, आयकते! माई पोट्टी आयकते!" म्हातारी ओरडली.

बाजेखाली, थाळीपासून हातभर अंतरावर, अन्नपूर्णा झोपली होती. तिनं कूससुद्धा बदलली नाही.