बत्तिसाव्या किलोमीटरची भिंत

३२

"त्यातला चौथा बद्द वाजला."

मी हातोडा खाली घेतला. फाटकापाशी एक जोडपं थांबलं होतं, दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल कठड्याला टेकवून. नवरा पिशवीत पाण्याची बाटली शोधत होता. बोलली होती बाई. पासष्टीची, काळा चष्मा, आवाज चांगला जाड, म्हणून तर मला ऐकू आला. तिचं तोंड माझ्याकडं नव्हतं. भिंतीकडं होतं.

"काय म्हणालात?"

"आम्ही आल्यापासून तुम्ही सात ठोके मारलेत. त्यातला चौथा बद्द वाजला. तडा गेलेल्या मडक्यासारखा."

"सोलांज, काम करू दे त्यांना," नवरा म्हणाला. मग मला, "तिला दिसत नाही, म्हणून सगळ्या जगाचे आवाज तपासत बसते. घरी फ्रिजशी भांडते."

"फ्रिज कण्हतोच आहे मुळी. याला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

दोघंही हसली. सातांतला चौथा म्हणजे एकसष्ट नंबरचा दगड. त्याच्यावर माझी हिरवी खूण होती, खडूची पूड अजून बोटांना होती.

"ओला असेल," मी म्हणालो. "पहाटे दव पडलं. ओला दगड असाच वाजतो. जा तुम्ही, वाट मोकळी आहे."

मी फाटक उघडलं. नवऱ्यानं पेडल मारलं, बाईनंही मारलं, आणि ती दोघं माझ्या भिंतीखालून निघाली. एकसष्ट नंबरखाली पोचल्यावर बाईनं मान वर केली. आंधळ्या बाईनं. वळणाआड जाईपर्यंत मी त्यांच्याकडं पाहत राहिलो, हातोडा छातीशी धरून.

किलोमीटर सोडून

या दरीत मोटार येत नाही. जुन्या रेल्वेचे रूळ उचलले आणि त्या जागी सायकलींची वाट केली, नदीच्या कडेकडेनं, बोगद्यांतून, दगडी पुलांवरून. लोक लिऑनहून येतात, हॉलंडहून येतात, ब्रेक दाबून उभे राहतात आणि मला म्हणतात, "काय शांतता आहे हो तुमच्याकडं!"

मी मान हलवतो. माझ्याकडं तर ती भरपूर आहे.

माझं काम सोपं आहे. बत्तिसाव्या किलोमीटरला तीनशे मीटर लांब कडा वाटेवर ओणवा झालाय. त्याच्यावर चौसष्ट जागा नेमून दिल्यात. रोज सकाळी फाटक लावून प्रत्येक जागी लांब दांड्याच्या हातोड्यानं ठोका मारायचा. खणखणीत वाजला तर दगड डोंगराला धरून आहे: हिरवी खूण. बद्द वाजला तर मागून सुटलाय: लाल खूण, आणि फाटक उघडायचं नाही. म्हातारा व्हियाल मुकादम मला शिकवताना माझे डोळे रुमालानं बांधायचा. "बघू नकोस गाढवा, दगड तोंडानं बोलतो."

पुढं वीस वर्षं मी दगड फोडायचं यंत्र चालवलं. आधी कानातून पाखरं गेली. मग स्वयंपाकघरातलं घड्याळ. मग फोनवरची अर्धी वाक्यं.

दर दोन वर्षांनी नर्स कान तपासते. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तिच्या मागं काचेचं कपाट आहे. तिचा अंगठा हलला की काचेत दिसतो. मी दाबतो. कागदावर लिहिलंय, वयाच्या मानानं उत्तम.

गेल्या वर्षापासून मी डावा तळहात दगडावर ठेवून ठोका मारतो. धरून असलेला दगड हाताला झिणझिण्या आणतो, सुटलेला आणत नाही. हे कुणी शिकवलेलं नाही. माझं मीच ठरवलं, आणि चौसष्ट जागांवर रोज हिरवं काढत राहिलो.

३२, पुन्हा

एकसष्टला ठोका मारला. हात ठेवून. झिणझिण्या आल्या.

बासष्टला मारला. आल्या.

बाजूच्या कठड्याला मारला. मग लोखंडी फाटकाला. मग, कुणी पाहत नाही असं बघून, आपल्या सायकलच्या सीटवर मारला, हात ठेवून.

आल्या.

त्या माझ्या हातातच होत्या. यंत्र धरून धरून आलेल्या.

३२, फाटकाच्या आत

खालचं फाटक मी कुलूप लावून बंद केलं. वरचं फाटक पस्तिसाव्या किलोमीटरला, जुन्या स्टेशनापाशी. ते ठरल्या वेळी स्टेशनातून उघडतात, तिकडून माणसं आत येतच असणार. स्वर्गारोहणाच्या ख्रिस्ती सणाची चार दिवसांची सुट्टी, पहिलाच दिवस. तिथं पोचायचं तर भिंतीखालूनच जायचं. दुसरा रस्ता डोंगराला वळसा घालून, तासाभराचा.

मोठा दगड एकदम येत नाही. आधी खडी सुटते, मूठभर, तांदूळ सांडावेत तशी. ती ऐकू आली की पळायचं. तेवढाच वेळ मिळतो. सगळ्यांना मिळतो.

मी सायकलवर बसलो. पाय पेडलवरून दोनदा घसरला. वर बघावं तर तोल जातो, समोर बघावं तर वरचं दिसत नाही. मान खांद्यांत घालून मी चाललो, आणि प्रत्येक पावलागणिक, म्हणजे पेडलागणिक, वाटत होतं की मागं काहीतरी सुरू झालंय. थांबून वळून पाहिलं. नदी. पिवळी फुलं. पुन्हा चाललो. पुन्हा थांबलो. सत्तावन्नला, पन्नासला, बेचाळीसला, प्रत्येक हिरव्या खुणेखाली माझं अक्षर होतं आणि तारीख होती. आजची.

भिंतीच्या पलीकडच्या टोकाला चौघं डच बसले होते. वरून आलेले. पाठी दगडाला लावून, पाय पसरून, मधे ब्रेड आणि शेळीचं चीज.

"उठा! निघा इथनं!"

एक उंच माणूस हसला. "या की, बसा. किती —— —— तुमच्याकडं. आम्ही —— ——"

"उठा म्हणतो ना!"

"अहो पण —— ——"

आणि मग त्यांचे चेहरे बदलले. चारही एकदम. मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी वर पाहिलं, उंच माणसानं बायकोच्या दंडाला धरून ओढलं, ती उठली, पडली, पुन्हा उठली, आणि ती सगळी पळत सुटली. त्यांना पळताना बघून मी पळालो.

पन्नास पावलांवर वळून पाहिलं. ब्रेडवर खडी पडली होती. एक बशी फुटली होती. मोठं काहीच आलं नाही. आलं नाही, एवढंच. वर नऊ नंबरचा दगड, त्याच्यावर हिरवी खूण.

उंच माणूस ओणवा होऊन श्वास घेत होता. मग त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. आभार मानत असावा. मी हात सोडवून घेतला.

३५

माझी थोरली बहीण ओडील जुन्या स्टेशनात कॉफी विकते. मी फाटक लावताना तिनं काउंटरवरून हाक मारली. ती माझ्याशी नेहमी समोरून, ओठ नीट हलवून बोलते. तिला कधी सांगावं लागलं नाही.

"मेल्या, सणाच्या दिवशी फाटक लावतोस? चाळीस केक केलेत मी चेस्टनटचे. तुझ्या आईला घालू?"

"तुझीही तीच आई होती."

"विनोद पुरे. काय झालं?"

मी सांगितलं. एकसष्ट. नऊ. तिनं टेबलं पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि मला दाराआड घेतलं.

"नीट ऐक. एकसष्ट आणि नऊवर लाल खूण कर. ऑफिसला सांग, दोन सुटलेत. येतील, जाळी लावतील, शनिवारी फाटक उघडेल. तुला शाबासकी देतील वर."

"आणि बाकीचे बासष्ट?"

"बाकीचे कालपर्यंत पडले का?"

"ओडील."

"वीस महिने राहिले रे तुझे! वीस. आत्ता तोंड उघडलंस तर त्या कपाटाच्या काचेपासून सगळं निघेल. पेन्शन राहील बाजूला, कोर्टात उभा करतील."

ते मला माहीत होतं. सायकलवरून येताना निम्मी भीती दगडाची होती आणि निम्मी त्याचीच.

खिडकीजवळच्या टेबलाशी ते जोडपं केक खात होतं. मी सोलांजबाईंच्या समोर जाऊन बसलो.

"बाई, मी भिंतवाला."

"ओळखलं. हातांना खडूचा वास येतोय. वाळला का तुमचा दगड?"

"तो ओला नव्हता. बाकीचे... बाकीचे कसे वाजले होते?"

त्यांनी काटा बशीत ठेवला. पहिल्यापेक्षा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत बोलल्या. म्हणजे कळलं होतं त्यांना.

"मी सातच ऐकले. त्यातले सहा चांगले होते. आधीचे तुम्ही एकटेच होतात ना तिथं?"

"हो."

"मग ते कुणीच ऐकले नाहीत."

नवऱ्यानं आमच्या दोघांकडं पाहिलं आणि तो चेष्टा करायचा विसरला.

मी काउंटरपाशी गेलो आणि ओडीलच्या फोनवरून ऑफिसात नादेजला फोन लावला. ती आमची इंजिनियर, माझ्या निम्म्या वयाची.

"नादेज, रेजीस बोलतोय. बत्तिसावा किलोमीटर मी दोन्हीकडून बंद केलाय."

"रेजीस, —— —— सुट्टीच्या —— —— दगड ——?"

"एक नाही. सगळी भिंत नव्यानं तपासायला लागेल. दुसऱ्या माणसाकडून. माझ्या खुणा धरू नका. गेल्या वर्षापासूनची एकही धरू नका."

"—— —— कधीपासून —— —— नर्सकडं ——?"

ओडीलनं हात पुढं केला, फोन घ्यायला. असे किती फोन तिनं घेतले होते, माझ्या वतीनं हो म्हणाली होती, नाही म्हणाली होती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. कोपर काउंटरवर टेकवलं.

"नादेज, मला ऐकू येत नाही. पुन्हा सांगा. हळू सांगा. मी सगळ्याची उत्तरं देतो."

ओडीलनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग पाठीमागं वळली आणि तिनं कॉफीचं घरघरणारं मशीन बंद केलं.