नेपच्यूनची फेरी

युरेनस आपल्या मामाच्या मोपेडवर मागे बसून शाळेत परतला, तेव्हा त्याच्या मुठीत ग्रह नव्हता, नुसती बी होती.

"खाल्लास?" लस्साद मास्तरने विचारलं.

"लांब आहे हो फार, सीदी," युरेनस म्हणाला आणि बी खिशात टाकून वर्गात गेला.

सकाळी ही कल्पना फार सुंदर वाटली होती. लस्सादने मैदानाच्या मधोमध घरमालकिणीची कुस्कुसची परात मांडली; ती सूर्य. त्या मापाने पृथ्वी वाटाण्याएवढी निघाली, गुरू लिंबाएवढा, युरेनस आणि नेपच्यून खजुराएवढे. प्रत्येक मुलाच्या हाती त्याचा त्याचा ग्रह दिला. अंतरंही त्याच मापाने. मंगळ फाटकाजवळ, शनी मशिदीपाशी, युरेनस खजुराच्या वखारीपाशी, आणि नेपच्यून गावाबाहेर, बागा संपून मिठाचं कोरडं तळं सुरू होतं तिथे. मग मुलं निघताना लस्साद सगळ्यांना म्हणाला होता, "सूर्याभोवती आपापली फेरी पुरी करा आणि मगच परत या." हे म्हणताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त बुध होता.

बुध तर तासही संपायच्या आत तीन वेळा फिरून आला. गुरू अख्ख्या बाजाराला वळसा घालून आला तो बाही फाडून. शनीला वाटेत आत्या भेटली. नेपच्यून आली नाही.

नेपच्यून म्हणजे मबरूका. सांगितलं ते करणारी मुलगी. मागच्या थंडीत एका बाईंनी तिला 'मी सांगेपर्यंत उभी राहा' म्हटलं आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. संध्याकाळी शिपायाने तिला खाली बसवलं.

मुख्याध्यापक सी बलगासम व्हरांड्यात आले.

"एक मुलगी कमी दिसते."

"आहे ती."

"कुठे?"

"कक्षेत."

सी बलगासम यांनी चष्मा काढून पुसला. आवाज न चढवता त्यांनी आठवण करून दिली, की त्या तळ्याच्या कडेला मिठाची साय वरून पक्की दिसते, आणि गेल्या वर्षी तिच्यात ट्रक गेला होता. टप अजून वर दिसतो. मबरूकाची आई वखारीत खजूर निवडते, दुपारी सुटते आणि लेकीला घ्यायला थेट शाळेत येते, हेही सांगितलं.

"तिच्या आईला सूर्यमाला तुम्ही समजावा," ते म्हणाले. "मला जमायचं नाही."

लस्साद पळत सुटला.

बागांच्या टोकाला कोणी नव्हतं. त्याने धापा टाकत विचार केला. वरून पाहिलं तर सगळे ग्रह घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, हे त्याने मागच्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि मबरूका काही विसरत नाही. तो त्याच दिशेने निघाला. उजव्या हाताला पांढरंशुभ्र मीठ, त्यात मधूनमधून ओलसर काळे डाग. प्रत्येक डागापाशी तो थांबून, वाकून बघत होता. एका डागात चप्पल दिसली. तो गुडघ्यांवर बसला, चप्पल उपसली. मोठ्या माणसाची होती, तीही कधीची. तो तशीच ती हातात धरून पुढे पळत राहिला.

मग समोरून एक गाढवगाडी येताना दिसली. गाडीच्या पुढे गाढव, गाढवाच्या पुढे मबरूका, ताठ मानेने चाललेली. गाडीवाला म्हातारा गाडीत नव्हता. मागून लंगडत येत होता.

लस्साद वाटेतच बसला.

"तुमची का ही?" म्हातारा म्हणाला. "गाडीत बस म्हटलं तर म्हणते, ग्रह बसत नाहीत. आता लेकरू चालणार आणि मी बसणार, बरं दिसतं का? गुडघे गेले माझे."

लस्सादने छातीवर हात ठेवला.

"तिकडे पाय रुतायला लागला तसं मी तिला बागेतून फिरवून आणली," म्हातारा म्हणाला. "तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही."

मबरूकाने खाली पाहिलं. "सीदी, माझा गोल बिघडला."

"कक्षा थोड्या लांबटच असतात," लस्साद म्हणाला. "चालतं तेवढं."

त्याने सी बलगासम यांना फोन लावला. सापडली एवढंच सांगितलं. पलीकडे खुर्ची करकरली.

फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की मुलगी समोरून आली आहे. म्हणजे सकाळपासून ती चक्क उलट्या दिशेने फिरत होती. शिकवल्याप्रमाणे चालली असती, तर ती त्याच्या पाठीमागून आली असती, आणि दोघं एकमेकांच्या मागे अंधार पडेपर्यंत गोल फिरत बसले असते. ग्रहांच्या दिशेचा हाच प्रश्न त्याने चाचणीत घातला होता. त्यावर त्याने पोरांचे गुण कापले होते.

मबरूका त्याच्याकडे बारकाईने बघत होती.

"सीदी," ती हळूच म्हणाली, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, "तुम्ही उलटे निघालात."

लस्सादने हातातली चप्पल बाजूला ठेवली.

"हो का," तो म्हणाला. उठला, गुडघ्यांवरचं मीठ झटकलं आणि तिच्या बाजूने वळून चालू लागला. फेरीचा उरलेला भाग तो नुकताच पायांखालून घालून आला होता. जमीन सगळीकडे पक्की होती.