अकरावी जोडी

पाणी तलावात होतं, वांगी रानात माना टाकत होती आणि मधलं लोखंडी दार पाणीवाटप मंडळाच्या ठरावाशिवाय उघडत नव्हतं. ठरावाला अकरा सभासद लागत. सकाळपासून दहाच होते.

हजेरी चिटणीस घ्यायचे, ती चपलांवरून. माणसं एका जागी बसत नाहीत. एक खिडकीशी जातो, दुसरा खांबाआड आडवा होतो. चपला मंडळाच्या कचेरीच्या दाराबाहेर गुमान बसतात.

वहिनी, म्हणजे वांग्यांची मालकीण, उंबऱ्याबाहेर येरझाऱ्या घालत होती.

"भाऊजी, परत मोजा की."

"मोजून चपला वाढत नसतात, वहिनी."

"मग मला धरा अकरावी."

"तुम्ही सभासद कुठं? रान मालकांच्या नावावर."

"मालकांना जाऊन दोन वर्षं झाली! नाव बदलायचा अर्ज दिलाय ना?"

"आहे की. आजच्या यादीत पहिलाच विषय. पण मंजुरीला अकरा सभासद लागतात."

आत अध्यक्ष म्हणाले, "संख्या भरेपर्यंत चर्चा तर करू."

"माझी हरकत आहे," हरकत्या म्हणाला. गाव त्याला याच नावानं ओळखायचं.

"कशाला?"

"ते मागाहून सांगतो. आधी लिहून घ्या."

बारभाईची शेती, काय लागेल हाती! वहिनीनं रानाकडं पाहिलं. आजचं ऊन खाल्लं की झाडं उठणार नव्हती. ती तरातरा घरी गेली, खाटेखालून नवऱ्याच्या चपला ओढल्या, फुंकर मारून धूळ उडवली आणि येऊन दाराशी ओळीत मांडल्या.

चिटणीस बोट नाचवत बाहेर आले. "नऊ, दहा… अकरा?" बोट थांबलं. डाव्या चपलेचा लाल दोऱ्यानं शिवलेला अंगठा सगळ्या गावाला पाठ होता. "वहिनी, हे…?"

"यादीत नाव आहे ना त्यांचं?"

चिटणिसांनी यादी चाळली. "आहे."

"मग?"

सभासद जिवंत असावा, असं नियमात कुठंच नव्हतं. तशी गरजच कधी पडली नव्हती.

"संख्या पूर्ण!" चिटणिसांनी आत आरोळी दिली. पहिला विषय पुकारला. वहिनीचं नाव यादीत चढलं, नवऱ्याचं उतरलं. त्यावर हरकत घ्यायची ती नवऱ्यानं, आणि त्याच्या चपला दाराबाहेर गुमान बसून होत्या.

दुसरा विषय तलावाच्या दाराचा. हरकत्या ताडकन उठला. "थांबा! ते आता सभासद राहिले नाहीत. म्हणजे परत दहा!"

सगळे दाराकडं वळले. वहिनीनं नवऱ्याच्या चपला उचलून काखेत मारल्या, पायातल्या काढून त्याच जागी ठेवल्या आणि आत येऊन बसली.

"मोजा."

"अकरा," चिटणीस म्हणाले.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "तर, सध्या अर्धं दार उघडावं, असं…"

"माझी हरकत आहे," वहिनी म्हणाली.

"कशाला?"

"अर्ध्याला."

हरकत्या तिच्याकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी हरकतीचं कारण लगेच सांगितलं नव्हतं.

दार पूर्ण उघडायचं ठरलं. ते कुणी उघडायचं यावर वाद पेटला, तशी वहिनी दाराची चावी घेऊन उठली. स्वतःच्या चपला ओळीतच ठेवून, नवऱ्याच्या ढगळ पायात अडकवून, फटक फटक करत ती तलावाकडं निघाली. पाणी वांग्यांत शिरलं तरी बैठक चालूच होती, आणि वहिनी नियमाप्रमाणे दाराबाहेर हजर होती.