चावी कुणी चालू ठेवली

"मी गाडी ठेवली की सकाळी एका किकला सुरू होते. तू ठेवलीस की संध्याकाळी मेलेली. हे कसं काय रे?"

दूधवाल्या भावांतला थोरला माझ्या गॅरेजच्या शेडसमोर गाडी ढकलत आला तोच ओरडत. दिवस कलला होता तरी झळा थांबल्या नव्हत्या, रस्त्याचा फुफाटा पायाला भाजत होता. मागून धाकटा दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या घेऊन धापा टाकत आला.

"दादा, आईशप्पथ, चावी काढून खुंटीला लावतो मी."

"मग भूत येऊन बॅटरी पितं का? दोनदा दूध नासलं. आज पुन्हा नासलं तर डेअरी नाव काढून टाकणार आहे!"

गाडी जुनी, बॅटरीवर पेटणारी. बॅटरी बसली की किक मारून पाय मोडला तरी उपयोग नाही. सकाळी धाकटा गल्लीबोळांतून दूध गोळा करायचा, संध्याकाळी थोरला तेच वाहन घेऊन लांब डेअरीला जायचा. माझ्यापुढं ट्रॅक्टरचा पंप उघडा पडलेला, डोक्यात तिडीक गेलेली. दुसरी बॅटरी लावून गाडी सुरू केली, मीटर धरलं. काटा हवा तिथं आला.

"चार्जिंग ठणठणीत आहे," मी म्हटलं. "कुणीतरी चावी चालू सोडतंय, दुसरं काय!"

झालं. कुणीतरी म्हणजे कोण, हे शेडमध्ये टेकलेल्या चौघा रिकामटेकड्यांनी तिथंच ठरवून टाकलं. एक जण तर म्हणाला, "बायकोनं कान भरले असतील." धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पंपात डोकं घातलं.

त्या दिवशीही उशीर होऊन दूध नासलं आणि डेअरीनं नाव काढलं. थोरल्यानं भर रस्त्यात किटली आपटली. "वेगळं व्हायचं होतं तर तोंडानं सांगायचं! दूध कशाला नासवलंस?" धाकट्यानं जन्मात कधी भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं. बायकोला घेऊन सासुरवाडीला निघून गेला.

दोन महिन्यांनी थोरला तीच गाडी ढकलत पुन्हा दारात. हातापाया पडून डेअरीत नाव परत लावून घेतलं होतं, दोन्ही फेऱ्या आता एकटाच करायचा. चावी करगोट्याला बांधलेली. आता चावी चालू राहिली म्हणायची सोयच नव्हती.

या वेळी गाडी बंद ठेवून मीटर लावलं. बॅटरीची वायर सोडवली आणि मीटर मध्ये घातलं. चावी बंद, तरी काटा हलला! बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा म्हणजे रेग्युलेटर, त्याचा प्लग उपसला, काटा शून्यावर. म्हणजे तो रेग्युलेटरच उभ्या गाडीत बॅटरी पीत होता. डेअरीच्या लांब रस्त्यावर बॅटरी भरायची, म्हणून रात्र निभायची. गल्लीतल्या सकाळच्या रडतखडत फेरीत भरायचीच नाही, म्हणून संध्याकाळी बसायची. धाकट्याचा काडीचा दोष नव्हता. आणि हे बघायला मला दोन मिनिटं लागली. दोनच! तेव्हा कुठं मेलो होतो मी?

थोरल्याला सगळं सांगितलं. तो टायरवर बसून मातीत रेघा ओढू लागला.

"दुसरा बसव," म्हणाला.

"आणि धाकट्याचं काय?"

"त्याच्या खोलीत चारा भरलाय आता." मग माझ्याकडं न बघता, "गावाला काय तोंड दाखवू? तू गप्प राहा, मिस्त्री."

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला रेग्युलेटर पिशवीत टाकून धाकट्याची सासुरवाडी गाठली. तो कडबा कापत होता. सासरा ओट्यावरून ओरडत होता, "अहो जावई, हात चालवा जरा, भाकरी बसल्या जागी मिळत नाही!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्याला बाजूला घेतलं, रेग्युलेटर दाखवला, चूक माझी होती म्हणून हात जोडले. त्यानं तो काळा डबा हातात फिरवून फिरवून पाहिला.

"दादाला कळलंय हे?"

खरं ओठांवर आलं होतं. पण पोर असं बघत होतं माझ्याकडं, की माझी जीभ भलतीकडंच वळली.

"नाही. अजून नाही," मी म्हटलं.

"तरीच!" त्याचा चेहरा एकदम उजळला. "तरीच दादा आला नाही! मी म्हणतच होतो हिला, कळलं असतं तर तो पळत आला असता." बाहीनं डोळे पुसले आणि घराकडं तोंड करून ओरडला, "अगं ए, कपडे भर! घरी जायचंय!"

त्याची बायको पिशवी घेऊन दाराबाहेर आली, तरी दादाला कळलंय, खोलीत चारा भरलाय, यातलं काही न सांगता मी तिच्या हातातली पिशवी घेतली.