खिडकीतून बेचाळीस भोपळे

खेप पहिली.

हातगाडीत एका वेळी तीन मावतात. चौथा घातला की चाक रुसतं. थोरलीने तीनच घातले. पहिला उचलून पोटाशी धरला. देठाला धरून उचलायचा नाही, देठ मोडला की महिन्याभरात भोपळा सडलाच म्हणून समजा. कोठीच्या खिडकीतून तिने तो आत केला, "घे" म्हणाली आणि सोडून दिला.

आत कोणी नव्हतं.

तीस वर्षं असंच चालत आलं होतं. बाहेर थोरली, आत धाकटी. ही न बघता द्यायची, ती "आला" म्हणून न बघता घ्यायची. दोघी बहिणींमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य. मिठावरून भांडत, बादली कुठे ठेवली यावरून भांडत. पण त्या खिडकीत कधी चूक झाली नव्हती. हातांचं भांडण नव्हतं.

खेप पहिलीच, अजून.

आत भोपळ्याची शकलं झालेली, बिया पेंढ्यात विखुरलेल्या. त्या वेचायला ती बसली तर गुडघे भिजले. भिंतीला ओल फुटली होती, पेंढा खालून काळा पडला होता. इथे ठेवला तर चार महिने टिकणारा माल चार आठवड्यांत पाणी होणार.

घरात कोरडी खोली एकच, धाकटीची. धाकटी मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली, त्याला वर्ष होत आलं. बाळ चालायलाही लागलं. दर फोनला ती सांगे, भोपळे काढायच्या वेळी येतेच, खोली तेवढी झाडून ठेव. थोरली ठेवायची. चादरसुद्धा बदलायची. आता त्या खोलीत भोपळे बसवले, तर येणारीने निजायचं कुठे? आणि न बसवावेत, तर वर्षाचं पीक मातीत.

उन्हं कलायच्या आत ठरवायचं होतं. बाहेर ठेवले तर दंव खाईल.

तिने चादरीची घडी घातली.

खेप दुसरी.

दूधवाला कॅन घ्यायला आला आणि धाकटीच्या खोलीच्या खिडकीतून डोकावला. पलंगावर पेंढा, पेंढ्यावर भोपळे. "मावशी, पुढच्या जन्मी मी तुमच्याकडे भोपळाच होतो," तो म्हणाला. थोरलीने सांगितलं, आत्ताही फार फरक नाही. तो हसला. हात लावला असता, पण दूध नासेल म्हणाला, आणि ते खरंच होतं.

खेप तिसरी.

आता तिची पद्धत बसली. भोपळा खिडकीच्या कठड्यावर ठेवायचा. मग पायऱ्या, स्वयंपाकघर, बोळ, खोली. बत्तीस पावलं. आतून भोपळा उचलायचा, देठ वर, दोन भोपळ्यांमध्ये चार बोटांचं अंतर. एकमेकांना टेकले की एकाचं दुसऱ्याला लागतं. परत बत्तीस पावलं.

खेप चौथी.

तेच.

खेप पाचवी ते तेरावी.

पलंग भरला, फळी भरली, जमीन भिंतीपासून भरत आली.

मध्ये, फोन.

धाकटीने आधी नातीचे दात किती आले ते सांगितलं. मग थोरली म्हणाली, "भोपळे तुझ्या खोलीत ठेवलेत. पलंगावरसुद्धा."

 पलीकडे पोर काहीतरी आपटत होतं. थोरली वाट बघत होती, आता ही भांडेल. भांडली तर येणार.

"पेंढा जाड घातलास ना, ताई?"

"घातला."

"आणि आतून कोणी घेतले?"

"मीच. एक फुटला."

"बरं," धाकटी म्हणाली. मग हळूच, "आठवड्याला फिरवत जा त्यांना. एका अंगावर राहू देऊ नकोस."

खेप चौदावी.

शेवटचे तीन. दोन दाराशी बसले. एकाला जागा उरली ती उशीच्या ठिकाणी. तेवढी तिने दिवसभर चुकवली होती.

तिने भोपळा कठड्यावर ठेवला. "घे," म्हणाली. मग पायऱ्या, स्वयंपाकघर, बोळ. भोपळ्यांतून पाय जपून टाकत ती खिडकीशी आली. बाहेर रिकामी हातगाडी, अंगणावर कलतं ऊन. तिने दोन्ही हातांनी भोपळा पोटाशी घेतला.

"आला," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.