तीन माश्या आणि एक अंगठा

आरोपपत्राचे दुसरे कलम सांगते, ‘शेवटच्या पानावरील व्यंगचित्रात चादरीखाली दाखवलेले प्रेत आपल्या साप्ताहिकाच्या दिवंगत संस्थापकांचेच असून, शेजारच्या बोटावर चढलेल्या पायाच्या अंगठ्यावरून ते निःसंशय ओळखता येते.’

‘निःसंशय’ हा शब्द कागदावर जिथे येतो तिथे पुरावा बहुधा आलेला नसतो. संस्थापक महिन्यापूर्वी वारले. हयातीत त्यांचा उघडा पाय कार्यालयातल्या एकानेही पाहिला नव्हता. चित्रात चेहरा तर नव्हताच. एक टेबल, चादर, तिच्याबाहेर आलेले दोन पाय, फायलीच्या कडेवर बसलेल्या तीन माश्या आणि नातेवाइकांना थोपवणारा कारकून. त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, “जरा थांबा, यांच्या मृत्यूला अजून वरून मंजुरी आलेली नाही.” एवढ्यावर तीन सुज्ञांची समिती बसली, आणि शिक्षाही आधीच ठरवून मोकळी झाली. आरोप सिद्ध झाल्यास सत्तावीस वर्षे चाललेला व्यंगचित्राचा चौकोन कायमचा बंद.

त्या अंगठ्याची खरी मालकीण चौकशीच्या दिवशी सकाळपासून घरभर भिरभिरत होती.

“अहो, कुठली चप्पल घालू? पायातून झटकन निघायला हवी.”

“अगं, तू कशाला येतेस?” व्यंगचित्रकार दाढीचा फेस पुसत म्हणाला. वाचक त्याला कवटीकाका म्हणत. बायको काहीच म्हणत नसे, नुसते ‘अहो’. “प्रेतं साक्ष देत नसतात.”

“हे देणार! सत्तावीस वर्षं गप्प पडून राहिलंय, आता त्याला कंठ फुटलाय.”

यात अतिशयोक्ती नव्हती. दर गुरुवारी जेवणे उरकली की ती टेबल पुसून त्यावर आडवी होई आणि नवरा तिच्याकडे बघून त्या आठवड्याचे मढे काढी. ती बुडाली होती, लटकली होती, विजेच्या धक्क्याने ताठ झाली होती. आणि दर वेळी उठून तिने चहा टाकला होता.

“हलू नकोस, मेलीयेस तू.”

“मेलेल्यांच्या पायाला मुंग्या येत नाहीत वाटतं?”

चालायचे ते असे. चौकोन गेला तर गुरुवार जाणार, आणि गुरुवार गेले तर हा माणूस खिडकीशी बसून खरोखरीच मरायला लागेल, ही तिची धास्ती. म्हणून तर तिची लगबग चालली होती.

चौकशीच्या खोलीत अध्यक्ष नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून बसले होते. एका बाजूला तळहात चोळणारे संपादक, दुसऱ्या बाजूला गळ्याला बो लावलेले, दोन हनुवट्यांचे व्यवस्थापक. कोपऱ्यात टिपणी घेणारा कारकून.

अध्यक्षांनी कलम वाचून संपवले न संपवले तोच तिने चप्पल भिरकावली आणि पाय थेट टेबलावर ठेवला. पाण्याचा जग हिंदकळला.

“लग्नाच्या पहिल्याच वर्षी इस्त्री पडली यावर. बघा, चढलाय की नाही? हा तुमच्या संस्थापकांचा असेल तर घेऊन जा, दुखतो फार थंडीत!”

व्यवस्थापकांनी खुर्ची मागे सरकवली. अध्यक्षांनी मात्र कर्तव्यबुद्धीने भिंग मागवले आणि चित्रातला अंगठा व टेबलावरचा अंगठा आलटून पालटून तपासला. मग संपादकांनी तपासला, नाइलाजाने व्यवस्थापकांनीही. प्रत्येक वेळी भिंग चित्रातल्या फायलीच्या कडेवरून सरकले, आणि तिसऱ्या वेळी टेबलावर ओणवलेल्या तिचीही नजर त्यातून गेली.

पहिल्या माशीच्या सोंडेवर चष्मा घसरला होता. दुसरी तळहात चोळत होती. तिसरीला दोन हनुवट्या होत्या आणि खाली बो.

तिने पदर तोंडाशी धरून हसू दाबले. हे चित्र काढले त्या गुरुवारी टेबलावरच तिचा डोळा लागला होता. माश्या तेव्हाच येऊन बसल्या असणार. तिने घाईघाईने पाय खाली घेतला आणि चप्पल शोधू लागली.

“अंगठा बाईंचाच आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आरोप मागे घेण्यात येत आहे. चौकोन चालू राहील. आपल्याला काही सांगायचंय?”

व्यंगचित्रकाराला हे विचारणे केवळ रीतीपुरते होते. पण नवऱ्याची डावी भुवई वर चढलेली तिने पाहिली, आणि ती भुवई चढली की काय होते हे तिला पुरते ठाऊक होते.

“चला हो घरी,” त्याची बाही ओढत ती कुजबुजली. “जिंकलोय आपण!”

“बघितल्यास तू?”

“बघितल्या.”

“कशा झाल्यात?”

त्याचे डोळे असे लकाकत होते, की खोटे बोलणे तिच्या जिवावर आले.

“जिवंत,” ती म्हणाली, आणि तिने बाही सोडून दिली.

समितीच्या छापील अहवालात पुढचा भाग नाही. कारकुनाच्या टिपणीत तो शब्दशः असा आहे:

“प्रेत माझ्या बायकोचं, हे खरं. पण माश्या तुम्ही आहात. संस्थापकांच्या रिकाम्या खुर्चीभोवती तुम्ही तिघं घिरट्या घालत होतात, तेव्हा बैठकीतच मी कागदाच्या पाठीवर त्या टिपून ठेवल्या होत्या. भिंग तीनदा त्यांच्यावरून गेलं आणि एकालाही स्वतःचं तोंड ओळखता आलं नाही, हा अपमान मला सोसत नाही. चौकोन बंद करायचा तर खुशाल करा. पण आधी ते भिंग परत उचला आणि नीट बघा.”