ब्रेनेकेबाईंचा प्रश्न

नूंझिओने पिवळी छत्री काखेत दाबली आणि ग्रुपमधल्या म्हाताऱ्यांना हात देऊन एकेकाला बसमधून खाली उतरवलं. तोंडाने तो जर्मनमध्ये "सावकाश, पायरी उंच आहे" असं म्हणत होता, पण डोळे वर गावाकडे लागले होते. चर्चकडे चढत जाणाऱ्या गल्लीत, आईच्या बाल्कनीवर पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या दिसत होत्या. वारा चांगला सुटला होता, तरी त्या हलत नव्हत्या. म्हणजे अजून चिंब ओल्या होत्या.

"आज निघायचं आणि आजच धुणं काढलं?" ड्रायव्हर तानो त्याच्या मागून डोकावत म्हणाला. "तुझी आई वस्ताद आहे रे."

"गप बस, तानो."

"मी कुठे काय म्हणतोय? माझी असती तर तिने सोफेसुद्धा धुवायला काढले असते."

नूंझिओ हसला नाही. तानोनेही मग त्याच्या खांद्यावर एक थाप मारली आणि बसच्या काचा पुसायला गेला.

टूर आठ दिवसांची होती. सिराकूझा, नोतो, मोदिका ही नावाजलेली गावं झाली, की मग डोंगरातलं मोंतेलाउरो आणि पुढे पालेर्मो. टूरवाल्यांच्या कागदावर मोंतेलाउरो म्हणजे दीड तास: एक चर्च, एक पडका किल्ला, एक फोटो काढायची जागा. नूंझिओचा जन्म इथलाच. वसंतापासून पानगळीपर्यंत दर पंधरवड्याला तो आपल्या गावात यायचा आणि दर वेळी दीड तासात परत जायचा.

हिवाळ्यात आई स्वयंपाकघरात पडली. रात्रभर फरशीवर पडून होती. सकाळी समोरच्या पिप्पीनामावशीने कॉफीसाठी हाक मारली तेव्हा कळलं. नूंझिओ त्या वेळी कातानियात होता, भाड्याच्या खोलीत. चौथा मजला, लिफ्ट नाही. त्याची बहीण मारिलेना जर्मनीहून आली, आईचा पाय बरा होईपर्यंत राहिली आणि जाताना सांगून गेली, की मे महिन्यात गाडी घेऊन येते आणि हिला घेऊन जाते. आमच्या बेटावर घरटी एक तरी पोर जर्मनीत असतंच. पूर्वी पोरं जायची, आता त्यांच्यामागे म्हातारी माणसंही जायला लागली आहेत.

नूंझिओने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला होता. गावात येऊन राहावं, तर खायचं काय? आईला कातानियाला न्यावं, तर ते जिने ती चढणार कशी, आणि हा सात महिने बसमध्ये, मग तिच्याजवळ कोण? त्याने ऑफिसकडे एका दिवसाची रजा मागितली होती. ऐन हंगामात जर्मन बोलणारा दुसरा गाइड कुठून आणायचा, असं उत्तर आलं. शेवटी त्याने बहिणीलाच गळ घातली, की ज्या दिवशी माझी बस मोंतेलाउरोला असेल त्याच दिवशी निघा. तिने ते ऐकलं, एवढंच त्याच्या हाती लागलं.

चढ चढताना तो नेहमीप्रमाणे आईच्या दाराशी थांबला. तिथे थांबायला खरं तर काहीच कारण नव्हतं. पण दारावरच्या दगडात कोरलेलं एक जुनं, झिजलेलं फूल होतं, आणि ते नॉर्मन राजांच्या काळातलं असावं असं त्याने फार वर्षांपूर्वी एकदा ठोकून दिलं होतं. तेव्हापासून लोक फुलाचे फोटो काढायचे आणि तेवढ्यात तो आत जाऊन उभ्या उभ्या कॉफी पिऊन यायचा.

आज मारिलेना दारातच उभी होती. हातात गाडीच्या किल्ल्या.

"बघ आईचे प्रताप," ती म्हणाली. "पहाटे उठून घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या. म्हणते, मळकं घर बंद करून जाऊ नये. आणि ओलं धुणं तारेवर टाकूनही जाऊ नये. संध्याकाळी पालेर्मोहून बोट आहे, नूंझिओ. बोट काय हिच्या चादरी वाळायची वाट बघणार आहे?"

"कुठे आहे?"

"आत. तयार होतेय. मघापासून तयारच होतेय. तू जरा सांग ना तिला."

"काय सांगू?"

"काहीही सांग. तुझं ऐकते ती." मारिलेनाचा आवाज एकदम खाली आला. "मी काय हिला पकडून नेतेय का? मलाही रडू येतंय. पण मी रडत बसले तर गाडी कोण चालवणार?"

नूंझिओने छत्रीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला. बहिणीवर रागवायला जागा असती तर बरं झालं असतं. ती नव्हती.

एवढ्यात आई, अगातीना, बाहेर आली. सणासुदीचा काळा पोशाख, पायांत टाचा झिजलेले पण चकचकीत केलेले बूट, मनगटावर पर्स. तिने मुलाच्या कॉलरवरचा केस उचलून बाजूला टाकला आणि दाराबाहेरच्या जर्मन मंडळींना मान लववून नमस्कार केला.

"मी पण येते," ती म्हणाली.

"कुठे?"

"या लोकांबरोबर. इतकी वर्षं साऱ्या जगाला गाव दाखवतोस. मी एकदाही ऐकलं नाही."

समोरच्या दारात शेंगा सोलत बसलेली पिप्पीनामावशी म्हणाली, "अगं, तुला काय दाखवणार तो? तूच एक पुराणी वस्तू."

"तुझ्यानंतरची आहे मी. विसरू नकोस."

पिप्पीना हसली आणि हसता हसता तिने एप्रनने डोळे टिपले. मारिलेनाने आभाळाकडे बघत हात झटकले. "जा, जा. तोवर चादरी तरी वाळतील."

तर अगातीना ग्रुपबरोबर निघाली. ग्रुपने तिला मध्ये घेतलं. ही कोण, असं एकीने विचारलं, तेव्हा नूंझिओला खरं सांगावं लागलं. "माझी आई," तो म्हणाला, आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडून एकदम असा काही कौतुकाचा आवाज निघाला की अगातीना लाजली. ब्रेनेकेबाई नावाच्या एक उंच, गोऱ्यापान, सदा उत्साहात असणाऱ्या बाई होत्या. टूरच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना संत्री वाटणाऱ्या त्याच. त्यांनी पुढे होऊन अगातीनाचा हात आपल्या हातात घेतला आणि चर्चपर्यंत सोडला नाही.

चर्चमध्ये नूंझिओ भूकंपाबद्दल बोलला. गाव कसं पडलं, लोकांनी तेच दगड उचलून पुन्हा कसं बांधलं, हे तो शेकडो वेळा बोलला होता, झोपेतही बोलला असता. आज मात्र आई समोर उभी होती. तिला जर्मन एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती त्याच्या ओठांकडे बघत होती. इतर लोक मान डोलवायचे तेव्हा तीही डोलवायची. ते हसले, की क्षणभर थांबून मग हसायची. "आणि तरीही लोकांनी हे गाव सोडलं नाही," हे त्याच्या भाषणातलं नेहमीचं वाक्य जवळ आलं. त्याने ते वाक्य गाळलं आणि सरळ खांबांकडे वळला.

बोलणं संपल्यावर अगातीनाने आपल्या सवयीने बोटं ओठांना लावली आणि संताच्या मूर्तीच्या पायाला टेकवली. हेही कार्यक्रमातच असावं असं जर्मन मंडळींना वाटलं. त्यांनी शिस्तीत रांग लावली आणि प्रत्येकाने बोटं ओठांना लावून संताचा पाय शिवला. एक आजोबा तर दोनदा शिवून आले.

"हे काय रे?" अगातीनाने हळूच विचारलं. "हे लोक आपल्या पंथाचे आहेत?"

"काही आहेत. काही नाहीत."

"असू देत. पाय काही झिजत नाही त्यामुळे."

बाहेर चर्चसमोरच्या कठड्यावरून सगळं खोरं दिसत होतं. लोक फोटो काढायला पांगले. खाली गल्लीत मारिलेना गाडीच्या टपावर एक बोचकं बांधताना दिसत होती. नूंझिओ आईशेजारी कठड्याला टेकला. आता बोलायचं, असं त्याने कालपासून ठरवलं होतं, आज पहाटे हॉटेलात आरशासमोर उभा राहून पुन्हा ठरवलं होतं. पण काय बोलायचं हे अजूनही ठरलं नव्हतं.

"तिकडे हीटर चांगला असतो," तो म्हणाला.

"मारिलेना सांगत होती."

"ऑक्टोबरात हंगाम संपला की मी येईन."

"ये."

तेवढ्यात ब्रेनेकेबाई आल्या. अगातीनाच्या हातातली पर्स, अंगावरचे चांगले कपडे, खाली बांधली जाणारी गाडी हे सगळं त्यांनी टिपलं होतं. आई कुठे निघाली, असं त्यांनी विचारलं. मुलीकडे, श्टुटगार्टजवळ, कायमची, असं नूंझिओने सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून छातीशी धरले. त्या स्वतः तिकडच्याच. अगदी शेजारच्या गावातल्या.

"विचारा ना त्यांना," ब्रेनेकेबाई म्हणाल्या, "आनंद झालाय का जायला?"

नूंझिओने आईला विचारलं. हे त्याचं रोजचंच काम होतं. एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं, त्यात आपलं काही घालायचं नाही.

अगातीनाने आयुष्यात कुणाकडे सरळ तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. घरात नवी शेगडी हवी होती तेव्हा नवरा ऐकत असताना तिने ते पाववाल्याला सांगितलं होतं. नूंझिओने लग्न करावं, हे तिने त्याच्या देखत मांजरीला सांगितलं होतं. आताही तिने मुलाकडे पाहिलं नाही. ब्रेनेकेबाईंच्या निळ्या डोळ्यांत बघत, त्यांना उद्देशून, ती स्वच्छ आवाजात म्हणाली,

"या बाईंना सांग, माझा मुलगा नुसता एकदा म्हणाला ना, की आई, जाऊ नकोस, तर मी त्या गाडीत बसणार नाही. पुढचं माझं मी बघेन. पडले तर पडले. त्याने काही करायला नको. नुसतं म्हणायचं."

ब्रेनेकेबाई हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होत्या. एवढ्या लांबलचक उत्तरात नक्कीच काहीतरी सुंदर असणार अशी त्यांची खात्री होती.

नूंझिओला ते म्हणणं सोपं होतं. दोन शब्द. पण ते म्हणून झाल्यावर अर्ध्या तासात त्याची बस निघणार होती, आणि हिवाळा आला की ती पुन्हा त्या फरशीवर पडणार होती. कदाचित त्या वेळी पिप्पीनामावशीही नसेल. त्याला आईचा राग आला, इतक्या उशिरा, असं परक्या बाईच्या आडून विचारल्याचा. मग स्वतःची लाज वाटली. त्याने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खाली मारिलेनाने हॉर्न वाजवला.

"ती म्हणते," तो जर्मनमध्ये म्हणाला, "फार आनंद झालाय. नातवंडं आहेत तिकडे."

"अहाहा!" ब्रेनेकेबाईंनी अगातीनाला मिठीच मारली. उंच बाईंच्या खांद्यावर आईची हनुवटी कशीबशी टेकली, आणि तिथून ती मुलाकडे बघत राहिली. तिला जर्मन येत नव्हतं. पण आपण जे सांगितलं त्यावर कुणी अशी मिठी मारत नाही, एवढं तिला कळलं.

तिने त्यांच्या पाठीवर हलकेच थोपटलं, सांत्वन करावं तसं.

"त्यांना सांगा," ब्रेनेकेबाई अजून हात धरूनच म्हणाल्या, "मी अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. नक्की भेटायला येईन."

हे त्याने आईला शब्दन् शब्द सांगितलं.

"या म्हणावं," अगातीना म्हणाली. "पण मला त्यांची भाषा येत नाही, तेही सांग."

तेही त्याने सांगितलं. भाषेचं काय एवढं, असं ब्रेनेकेबाई म्हणाल्या, आणि ते त्याने आईला सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

अगातीनाने पर्स उघडून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. ब्रेनेकेबाईंच्या बाहीवर लागलेली कठड्याची पांढरी धूळ पुसली आणि रुमाल घडी करून परत आत ठेवला.

"आणि सांग त्यांना," ती म्हणाली, "माझा मुलगा फार छान बोलतो."

नूंझिओने एकदा खोऱ्याकडे पाहिलं. मग ते वाक्य जर्मनमध्ये केलं, जसंच्या तसं, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

"आम्ही सगळे पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय!" ब्रेनेकेबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

आणि तेही त्याला आईला सांगावं लागलं.